मागचं दार उघडून दाखवा

सकाळचे साडेनऊही वाजले नव्हते, तरी पासिंगच्या मैदानावर गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. टेम्पो, शाळेच्या बस, रिक्षा, पाण्याचे टँकर. ज्याला त्याला आपला नंबर आधी हवा होता. काखेत फायली मारून एजंट इकडून तिकडे पळत होते, आणि ड्रायव्हर मंडळी गाडीच्या सावलीत बसून, तंबाखू मळत सरकारचा उद्धार करत होती. आपली गाडी रस्त्यावर धावायच्या लायकीची आहे की नाही, हे ठरावीक मुदतीनंतर सरकारी निरीक्षकाकडून तपासून घ्यायचं आणि तसं प्रमाणपत्र मिळवायचं, याला लोक पासिंग म्हणतात. नियम साधा आहे. पण आपल्याकडे साध्या नियमांचं काय होतं, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

या मैदानावर वैजनाथ गित्ते नावाचे मोटार वाहन निरीक्षक होते. मूळचे परळीकडचे, पण पुण्यात येऊन आता वीस वर्षं झालेली. चोवीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने कुणाचा फुकटचा चहासुद्धा घेतला नव्हता. एकदा एका एजंटाने फायलीत पाकीट सरकवलं, तेव्हा गित्तेसाहेबांनी ती फाईल सगळ्यांदेखत मैदानावर भिरकावली होती. तेव्हापासून त्यांच्या टेबलाशी कुणी लघळपणा करत नसे. "मी एक पैसा खाल्लेला नाही," हे वाक्य ते फारसं बोलून दाखवत नसत, पण ते त्यांच्या चालण्यात दिसायचं.

अशा या कडक माणसाची एक हळवी जागा होती, ती म्हणजे रुग्णवाहिका. ते नववीत असताना वडिलांच्या छातीत कळ आली होती. गावात एकच जीप, तीही लग्नाला गेलेली. ती परत येईपर्यंत दुपार झाली आणि तोवर वडील गेले. त्यामुळे रांगेत पांढरी गाडी आणि तिच्यावरचा निळा दिवा दिसला, की वैजनाथ तिला स्वतः पुढे बोलावत. "अरे, तिला आधी सोडा. कुणाचा तरी जीव अडला असेल!" असं म्हणत ते ब्रेक बघायचे, दिवे बघायचे, टायरवर नजर टाकायचे, चारही बाजूंनी फोटो काढायचे आणि फॉर्मवर सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा करून मोकळे व्हायचे. तीन मिनिटांत काम. बाकीचे ड्रायव्हर कुरकुरले, तर ते म्हणत, "तुझ्या घरचं कुणी आजारी पडलं म्हणजे कळेल."

जानेवारीतल्या अशाच एका सकाळी रणजितशेठची रुग्णवाहिका आली. हडपसरच्या बाजूला या रणजितच्या चार रुग्णवाहिका चालत. ही गाडी म्हणजे जुनी मालवाहू व्हॅन, आत स्ट्रेचर आणि बाकडं बसवून रुग्णवाहिका म्हणून नोंदवलेली. स्टिअरिंगवर माऊली नावाचा पंचेचाळीशीचा ड्रायव्हर होता आणि शेजारी स्वतः रणजित उभा होता. वैजनाथनी नेहमीप्रमाणे तीन मिनिटांत गाडी पाहिली. मागच्या बाजूचा फोटो काढला. त्यात दार बंद होतं. 'मागील दार' या शब्दांसमोर त्यांनी खूण केली, सही केली आणि हात हलवून गाडी सोडली.

तेवीस दिवसांनी पोलीस ठाण्यातून फोन आला. "साहेब, एका रुग्णवाहिकेच्या पासिंगचा कागद हवा होता. माणूस दगावलाय."

काय घडलं होतं, ते हवालदाराने सांगितलं. लोणी काळभोरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा उत्तरेश्वर लोकरे नावाचा कामगार. वय सत्तेचाळीस. सकाळी दहाच्या सुमाराला त्याला धाप लागली आणि ओठ निळे पडू लागले. गावातल्या डॉक्टरांनी ताबडतोब हडपसरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. बायको कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेली, म्हणून बारावीतली मुलगी सृष्टी त्याच्याबरोबर रुग्णवाहिकेत बसली. सोलापूर रस्त्यावरच्या गर्दीतून माऊलीने गाडी जिवाच्या आकांताने आणली. दवाखान्याच्या दारात डॉक्टर आणि वॉर्डबॉय तयार उभे होते. उत्तरेश्वर शुद्धीवर होता.

आणि गाडीचं मागचं दार उघडेना.

त्या दाराचं हँडल कित्येक महिने तुटलेलं होतं. माऊली दर वेळी फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून खटका उचलायचा. त्या दिवशी खटकाच आत मोडून पडला. बाजूच्या दारासमोर ऑक्सिजनच्या सिलिंडरचा स्टँड आणि बाकडं वेल्डिंग करून बसवलेलं, तिथून स्ट्रेचर निघणं शक्य नव्हतं. लोकांनी दार ओढलं, लाथा मारल्या, पहारीने उचकटायचा प्रयत्न केला. आत सहाव्या मिनिटाला ऑक्सिजन संपला. शेवटी काच फोडून दोन माणसं आत शिरली आणि पत्रा कापला गेला. दवाखान्याच्या कॅमेऱ्यात वेळ नोंदली गेली होती. सतरा मिनिटं! डॉक्टरांच्या दारात, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, एक माणूस सतरा मिनिटं पत्र्याच्या डब्यात कोंडून मेला आणि त्याची मुलगी त्याच्या तोंडावर रिकामा मास्क धरून बसली होती.

वैजनाथनी फोन खाली ठेवला. मग त्यांनी तो फॉर्म काढून पाहिला. 'मागील दार: सुस्थितीत.' खाली त्यांची वळणदार सही.

शेजारच्या टेबलावर आमोद आपटे नावाचे निरीक्षक बसत. सदाशिव पेठेतला माणूस, जिभेला धार. त्यांनी फॉर्म हातात घेतला, फोटो पाहिला आणि परत दिला.

"गित्ते, काळजीचं कारण नाही. फोटोत दार बंद आहे, आणि बंद दार सुस्थितीतच दिसतं. पासिंगनंतर तेवीस दिवसांनी बिघडलं असेल. दारं बिघडतात. कागद बिघडत नाही."

"आणि ड्रायव्हर?"

"त्याच्यावर गुन्हा दाखल झालाय, हलगर्जीपणाचा. मालक म्हणतो, गाडी नुकतीच पासिंग झालेली, सगळं चोख होतं, याने हँडल तोडलं. पुरावा म्हणून तुमचाच कागद दिलाय त्याने. तुम्ही सुटलात की!"

सुटलात! वैजनाथनी तो फॉर्म परत फायलीत लावला. मनाशी म्हणाले, खरंच, नंतरही बिघडलं असेल. कुणी सांगावं?

सांगणारा चार दिवसांनी स्वतःहून आला. जामिनावर सुटलेला माऊली भर दुपारी मैदानावर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"सायेब, वळखलं का?"

वैजनाथनी मान हलवली.

"त्या दिवशी पासिंगला आलो, तवाबी दार उघडत नव्हतं. स्क्रू ड्रायव्हर माझ्या खिशातच हुता. तुमी मागं येऊन म्हनला असता, दार उघड, तर मी तिथंच सांगितलं असतं."

"मग सांगितलं का नाहीस?" वैजनाथ एकदम चिडून म्हणाले. "गाडी तू चालवतोस. पेशंट तू नेतोस!"

"मालक शेजारी हुभा हुता, सायेब. दोनदा त्याला म्हनलो, हँडल बसवा. म्हनला, पासिंग होऊन जाऊ दे, मग बघू. आन् पासिंग झाल्यावर म्हनला, सरकारनं पास केलीय गाडी, तू कोन शाना? त्यापुढं मी काय बोलनार? माझीबी चूक हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. सजा झाली तर भोगीन. पर त्यो कागद खोटा हाय, ह्ये मालक सोडला तर तुमाला आन् मला दोघांलाच ठावं हाय."

एवढं बोलून तो आल्या पावली निघून गेला. त्याने काही मागितलं नाही, धमकी दिली नाही. वैजनाथ मात्र उन्हात तसेच उभे राहिले. पुढच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, तरी त्यांना कळलं नाही.

रविवारी ते लोणी काळभोरला गेले. आपण तिथे का चाललो आहोत, हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. खरं तर त्यांचं त्यांनाही नीट कळलं नव्हतं. लोकऱ्यांची खोली एका चाळवजा इमारतीत तळमजल्यावर होती. दार सृष्टीने उघडलं. तिच्या दोन्ही तळव्यांवर काचेने कापल्याच्या खुणा होत्या. तिच्यामागून तिची आई, दुर्गाबाई, आल्या. हडकुळ्या, ताठ बांध्याच्या, धाराशिवकडून नवऱ्यामागोमाग पुण्याला आलेल्या बाई. आलेला माणूस सरकारी साहेब आहे एवढं कळल्यावर त्यांनी सतरंजी अंथरली, मुलीला पाणी आणायला सांगितलं.

"कागदं लागतेत का काही? समदी ठिवलीत बगा पिशवीत."

"कागद नकोत," वैजनाथ म्हणाले. पाण्याचा पेला त्यांनी तोंडाला लावला नाही. "बाई, त्या रुग्णवाहिकेला पास करणारा अधिकारी मी आहे. दार मी उघडून पाहिलं नव्हतं. न बघताच सही केली."

सृष्टी भिंतीला टेकली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"पैसं घेतलं व्हतं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"नाही! आयुष्यात कधी घेतले नाहीत. रुग्णवाहिका म्हणून... पेशंटची अडवणूक नको म्हणून मी अशा गाड्या लवकर सोडायचो. चांगल्या मनाने सोडायचो, बाई."

दुर्गाबाईंनी पुढे विचारलं.

"त्या गाडीत तवा पेशंट व्हता का?"

"तेव्हा? नाही. पासिंगला गाडी रिकामीच येते."

"मग कुनाची अडवनूक व्हनार व्हती?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न वैजनाथना कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता.

"दार उघडून बगायला किती येळ लागला असता, सायेब?"

"एक मिनिट," वैजनाथ पुटपुटले. "फार तर एक मिनिट."

"एक मिनिट!" दुर्गाबाईंचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "माजी लेक सतरा मिनिटं आत व्हती. तिचा बाप तिला म्हनत व्हता, घाबरू नगंस, उघडतेत. मरूस्तोवर तेच म्हनला."

सृष्टी उठून आतल्या खोलीत गेली. दुर्गाबाईंनी पदराने तोंड पुसलं. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज खाली आला होता.

"मी बी तपासायचंच काम करते, सायेब. हडपसरला कारखान्यात. गाड्यांच्या ब्रेकला लागनारी नळी येती, त्याच्या टोकाला चीर हाय का बगायची. दिवसाला आठशे नळ्या. डोळं चुरचुरतेत, पाट मोडून येती. साळंत मी चौथीपतूर गेलेली. पर पहिल्याच दिवशी सुपरवायझर म्हनला व्हता, बाई, न बगता पुढं सारलेली एक नळी म्हंजे कुनाच्या तरी घरची एक गाडी. ती नळी कोनाच्या गाडीला लागनार, ते मला ठावं नसतंय. कदी कंटाळा येतोय, कदी शेजारची म्हनती, जाऊ दे गं. पर हात पुढं सारत न्हाई. मला कुनी पैसं देऊन फोडायला येत न्हाई, सायेब. म्हून मी लई मोठी झाली का? पैसं न खानं हे काय काम हाय का? काम तर बगायचं व्हतं!"

चोवीस वर्षं ज्या गोष्टीवर वैजनाथ ताठ मानेने उभे होते, ती जागाच त्या चौथी शिकलेल्या बाईने पायाखालून काढून घेतली. मी पैसे खाल्ले नाहीत. खरं होतं. पण ज्या एका कामासाठी सरकारने त्यांना त्या मैदानावर उभं केलं होतं, तेही त्यांनी केलं नव्हतं! वडिलांच्या आठवणीने ते रुग्णवाहिका पुढे सोडत होते, आणि कुणाच्या तरी मुलीच्या वडिलांना त्यांनी बंद दारामागे पाठवलं होतं.

"मी काय करू, बाई?" त्यांनी विचारलं.

"मला काय इचारता? माफी मागाया आला असाल तर ती माज्यापाशी न्हाई. लेकीपाशी बी नसंल." त्या उठल्या. "पर तो डायव्हर एकटाच जेलात जानार असंल आन् मालक तुमचा कागद दावून हिंडनार असंल, तर ते बरं न्हाई. तेवढं तुमच्या हातात हाय."

सोमवारी सकाळी वैजनाथ मैदानावर गेले नाहीत. त्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला, की संबंधित रुग्णवाहिकेचं मागचं दार मी उघडून पाहिलं नव्हतं आणि प्रमाणपत्रावरची नोंद तपासणी न करता केलेली आहे. त्याचीच प्रत त्यांनी वरिष्ठांच्या टेबलावर ठेवली. सोबत एक यादी जोडली. गेल्या वर्षभरात त्यांनी पास केलेल्या एकोणतीस रुग्णवाहिकांची. खाली लिहिलं होतं, 'यांपैकी एकही मी आतून तपासलेली नाही. सर्व गाड्या परत बोलावून तपासाव्यात.'

आमोद आपट्यांनी तो कागद वाचला. "गित्ते, वेड लागलंय का? कुणी विचारलं तरी होतं तुम्हाला?"

"नाही," वैजनाथ म्हणाले. "मीही कुणाला विचारलं नव्हतं. म्हणूनच हे झालं."

दुपारपर्यंत निलंबनाचा आदेश निघाला. घरी नीरजाताईंनी, त्यांच्या पत्नीने, तो वाचला. लेकाच्या इंजिनिअरिंगचं अजून एक वर्ष बाकी होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंत, तर त्या बाईंकडे मीपण आले असते."

फेरतपासणीचं काम आमोद आपट्यांकडे आलं. पहिल्याच दिवशी रांगेत उभे असलेले मालक ओरडू लागले. "साहेब, रुग्णसेवा आहे ही! गाड्या अडवून ठेवता? तिकडे कुणी मेलं म्हणजे?"

"पासिंगच्या रांगेत पेशंट नसतो," आपटे म्हणाले. "मागचं दार उघडून दाखवा."

एकोणतीसपैकी अकरा गाड्यांत खोट निघाली. कुणाचं स्ट्रेचर जागेवर अडकत नव्हतं, म्हणजे ब्रेक लागला की रुग्ण ड्रायव्हरच्या पाठीवर आदळणार. कुणाचं सिलिंडर नुसत्या दोरीने बांधलेलं, कुणाचं रिकामं. एका गाडीत आग विझवायचं नळकांडं होतं, पण त्याची मुदत संपून चार वर्षं झाली होती. रणजितच्या उरलेल्या तीन गाड्यांपैकी दोन त्याच दिवशी बंद केल्या. या सगळ्या गाड्या आदल्या दिवसापर्यंत शहरात रुग्ण नेत होत्या! त्यांतल्या एकातूनही, कुणास ठाऊक, तुमच्या-आमच्या ओळखीचं कुणी गेलं असेल. संध्याकाळी आपटे वैजनाथच्या घरी आले. यादी पुढ्यात ठेवली. त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही. जाताना म्हणाले, "यातल्या चार गाड्या तुमच्या आदल्या वर्षी मी पास केलेल्या होत्या, गित्ते."

पोलिसांनी मालक म्हणून रणजितचं नाव गुन्ह्यात घेतलं. माऊलीची खटल्यातून काही सुटका झाली नाही, पण आता पिंजऱ्यात तो एकटा नाही. खात्याच्या चौकशीत अधिकाऱ्यांनी वैजनाथना विचारलं, "तुम्ही स्वतः बोलला नसतात, तर हे कधीच सिद्ध झालं नसतं. मग का बोललात?"

"साहेब, त्या कागदावर विसंबून एक माणूस आत झोपला," वैजनाथ म्हणाले. "कागद खोटा आहे, हे तो गेल्यानंतर तरी कुणीतरी सांगायला हवं होतं."

आठ महिन्यांनी त्यांना कामावर घेतलं, पण पदावनती करून. आता ते जुन्या फायलींच्या खोलीत बसतात. मैदानावर परत पाठवा असा अर्ज त्यांनी दोनदा केला, दोन्हीदा तो फेटाळला गेला. लोणी काळभोरला ते पुन्हा गेले नाहीत. सृष्टीने बारावीची परीक्षा त्या वर्षी दिली नाही. ती अजूनही कुठल्याही बंद गाडीत बसत नाही. कॉलेजला चालत जाते, असं माऊलीकडून त्यांना कळलं. गेलेलं काही परत आलं नाही.

बंधू-भगिनींनो, या गोष्टीत लाचखोर असा कुणी नाही, म्हणूनच ती सांगावीशी वाटली. लाच घेणाऱ्याला आपण शिव्या देतो आणि न घेणाऱ्याला हार घालतो, आणि काम झालं की नाही हे बघायचं विसरून जातो. मालक म्हणाला, नंतर बघू. ड्रायव्हर म्हणाला, मला कुणी विचारलं नाही. साहेब म्हणाले, जाऊ दे बिचाऱ्याला. तिघांपैकी कुणालाही उत्तरेश्वर लोकरेचा जीव घ्यायचा नव्हता. पण न बघता केलेली दया ही दया नसते, ती बेफिकिरीच असते, फक्त चांगल्या कपड्यांतली! तपासणी म्हणजे अडवणूक नव्हे. ती आपल्यातल्या सर्वांत असहाय माणसासाठी केलेली आगाऊ धावपळ असते. म्हणून तुम्ही निरीक्षक असा, मालक असा, ड्रायव्हर असा, नाहीतर कारखान्यात नळ्या तपासणाऱ्या बाई असा, आपल्या वाटणीचं बघणं दुसऱ्यावर ढकलू नका. आणि तुमच्या सोसायटीच्या, मंडळाच्या, गावच्या नावाने एखादी रुग्णवाहिका उभी असेल, तर आजच जाऊन तिचं दार उघडून पाहा. जो विश्वासाने आत झोपतो, त्याला दार तपासता येत नाही.